आत्याचे खालचे दात

खजिनदार हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हतं, पण घरात दुसऱ्या नावानं हाक मारली तर ती ओ देईल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. लहानपणी दुकानातून सामान आणायला पाठवली की ही पोरगी उरलेले सुटे पैसे जसेच्या तसे आईच्या हातावर ठेवायची. एक गोळी नाही, एक चॉकलेट नाही. बाबांनी तेव्हाच जाहीर करून टाकलं, या घराची तिजोरी आजपासून हिच्या ताब्यात. तिजोरी म्हणजे काय, तर ओट्याखालचा एक पत्र्याचा डबा, झाकण जरा वाकडंच. पण पोरीनं ते काम असं मनावर घेतलं, की पुढे बाबांना स्वतःच्याच कमाईतून दाढीचं ब्लेड घ्यायचं तरी तिला विचारावं लागायचं.

माणसं मोजून चार. बाबा रंगारी, लोकांची घरं रंगवायचे. कानामागे कुठला ना कुठला रंग कायम लागलेला. आई लाँड्रीत इस्त्री करायची. आणि आत्या, बाबांची मोठी बहीण. बस डेपोच्या तिकीट खिडकीमागे बसून तिनं उभी हयात काढली होती आणि आता रिटायर होऊन घरी होती. तिचे दात एकेक करत सगळे गेले, पण जिभेची धार तसूभर कमी झाली नव्हती. खिडकीतून सुटे पैसे मागून मागून आवाज असा तयार झालेला, की ती कुजबुजली तरी शेजारी ऐकू जायचं.

आणि या घराची एक रीत होती, ती रविवारची बैठक. दुपारचं जेवण झालं, ताटं उचलली की बाबा चमचा ग्लासावर वाजवायचे आणि सभा सुरू. रोजच्या खर्चापलीकडे ज्याला काही हवं असेल त्यानं उभं राहून मागायचं, बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यायची, मग हात वर. आईच्या चपला, आत्याचा चष्मा, सगळं या टेबलावरून पास होऊन गेलेलं. बाबांची नवी शिडी मात्र आत्यानं किती वेळा हाणून पाडली याची गणतीच नाही. "आधी जुनीवरून पडून दाखव, मग बोलू," म्हणायची. बाबा चडफडायचे, पण सभेचा निर्णय तो निर्णय.

याच टेबलापाशी उभं राहून खजिनदारनं कॉलेज मागितलं. आर्किटेक्चरला जायचं होतं तिला, तेही दुसऱ्या शहरात. फीचा मोठा भाग स्कॉलरशिपमधून सुटणार होता, पण राहणं, खाणं, येणं-जाणं, सामानसुमान घरच्या डोक्यावर. तिनं असं भाषण ठोकलं, की आईच्या डोळ्यांना धार लागली. आत्यानं उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला, "तिथे तुझी तिजोरी कोण सांभाळणार?" "मीच," पोरगी म्हणाली. "मग पास," आत्या म्हणाली, आणि दुसरीकडे तोंड करून नाक शिंकरलं.

हॉस्टेलच्या खोलीत पाऊल ठेवल्या ठेवल्या हिनं पहिलं काम काय केलं असेल, तर पलंगाच्या वरच्या भिंतीवर आख्ख्या वर्षाचा प्लॅन चिकटवला. खाण्याचे पैसे हिरव्यात, बसचे निळ्यात, पुस्तकांचे पिवळ्यात. अभ्यासाचे तास वेगळे, झोपेचे वेगळे. तिची रूममेट जनावरांची डॉक्टर व्हायला आली होती. अंगानं धिप्पाड, मनानं मोकळीढाकळी, पैसा आला की उडवणारी आणि संपला की बिनदिक्कत घरी फोन लावणारी. तिनं तो प्लॅन कमरेवर हात ठेवून बराच वेळ न्याहाळला.

"यात आजारी पडायचं कुठे लिहिलंयस?" तिनं विचारलं.

"मी नाही पडत आजारी."

"धन्य आहेस बाई!" म्हणून डॉक्टरीण पलंगावर आडवी झाली, ती जेवायच्या वेळेलाच उठली.

प्लॅन देखणा होता, त्यात वाद नाही. फक्त त्यात चुकायला जागाच ठेवली नव्हती. आर्किटेक्चर म्हणजे नुसतं कागदावर रेघा मारणं नव्हे. मॉडेल करायची असतात. त्याला जाड बोर्ड लागतो, पातळ बोर्ड लागतो, ब्लेड, गोंद, पारदर्शक पत्रे, आणि हे सगळं विकणाऱ्या कॉलेजसमोरच्या दुकानाचे भाव ऐकून माणसाचे डोळे पांढरे होतात. खजिनदारनं एका मॉडेलला किती बोर्ड लागेल ते अगदी काटेकोर काढलं होतं. पण काटेकोर हिशेबाला हाताची सवय कुठे ठाऊक? पहिलीच भिंत वाकडी कापली गेली. दुसरीला गोंद सांडला. तिसरी नीट झाली, तर खिडकी ठेवायचीच राहिली. पिवळा रकाना बघता बघता रिकामा झाला आणि तिनं हिरव्यात हात घातला.

त्या रविवारी घरी सभा भरली. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, पडद्यावर आत्याचं अर्धं कपाळ आणि बाबांचा एक कान.

"काय खजिनदार, पुरले का पैसे?" आत्यानं खणखणीत आवाजात विचारलं.

आता इथे सरळ 'नाही' म्हणायला काय जात होतं? पण नाही. लहानपणापासून जिच्या हिशेबाचं गल्लीभर कौतुक, तिच्या तोंडून ते निघेना. "पुरले काय, उरले!" ती म्हणाली.

तिकडे टाळ्याच पडल्या. बाबांनी कौतुकानं टेबलावर थाप मारली तसा फोन उताणा पडला. आई म्हणाली, "बघा, माझी पोर!" आणि खरं सांगायचं तर पोरीला ते भलतंच गोड लागलं. पुढच्या रविवारी तिनं त्यावर थोडा वर्ख चढवला. बोर्ड म्हणे फुकटच मिळतो. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाली, इथे जेवण इतकं स्वस्त आहे की विचारू नका. घरचे तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते आणि ती आपली फांदी न बघता वर वर चाललेली.

आणि मग झालं काय, तर एका रविवारी बाबांनी घसा खाकरला.

"मी काय म्हणतो, तुझे जर उरतायत, तर थोडे कमी पाठवले तर चालतील का? म्हणजे बघ हां, ओढाताण होत असेल तर नको. पण ताईच्या कवळीचं कधीपासून राहतंय."

फोनच्या पडद्यावर आत्या दिसत नव्हती. पहिल्यांदाच ती सभेत गप्प होती. स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की तिची बोबडी वळायची, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"चालेल की!" खजिनदार म्हणाली. "चालेल म्हणजे काय, पळेल!"

फोन ठेवला आणि ती पलंगावर मटकन बसली. डॉक्टरीण समोर बसून उकडलेलं अंडं सोलत होती. तिनं अंड्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि अर्धं अंडं हिच्या हातावर ठेवलं.

आत्याला वरचे दात बसले. पुढच्या रविवारी तिनं फोन इतका जवळ धरला, की पडद्यावर दातांशिवाय दुसरं काही दिसेना. "बघितलेस? तुझ्या काटकसरीचे दात आहेत हे! सगळ्या डेपोला दाखवून आले!" आणि ती हसली. आत्याला कुणी असं तोंडभरून हसताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं; दात गेल्यापासून ती हसताना तोंडावर हात धरायची. खजिनदारला ते बघून आनंदही झाला आणि हेही कळून चुकलं, की आपण आता पुरते कात्रीत सापडलो. घरी खरं सांगावं तर आत्याच्या तोंडातले दात मागितल्यासारखं होणार, आणि न सांगावं तर खायचं काय?

मग तिनं कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं. दुकानवाले काका माणूस देवासारखा, पण काम दुपारचं. सगळ्या कॉलेजला प्रिंट काढायच्या असतात त्या दुपारीच, आणि हिचा स्टुडिओचा, म्हणजे मॉडेल करायचा, तास असायचा तोही दुपारीच. आधी ती एखादी दुपार बुडवायची, मग एका आड एक, मग तिचं स्टुडिओतलं टेबल इतरांनी दप्तरं ठेवायला घेतलं. दुसऱ्यांचे प्रोजेक्ट प्रिंट करून, बाइंडिंग करून, वर प्लास्टिकचं कव्हर घालून देताना तिला स्वतःचा प्रोजेक्ट आठवायचा.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एक मॉडेल परीक्षकांसमोर मांडायचं होतं. तिनं एक छोटं वाचनालय काढलं होतं, उतारावरचं, पायऱ्यापायऱ्यांचं, जिथे प्रत्येक पायरीवर बसून वाचता येईल असं. कागदावर ते फार सुरेख उतरलं होतं. मॉडेलला मात्र बोर्ड परवडेना, म्हणून तिनं झेरॉक्सच्या कागदांचे रिकामे खोके कापून ते उभं केलं. स्टुडिओच्या मॅडमनी छप्पर दोन बोटांनी उचललं तशी एक भिंत शांतपणे आडवी झाली. आतल्या बाजूला कागदाच्या कंपनीचा शिक्का ठसठशीत दिसत होता.

मॅडम काही तिरसट नव्हत्या. तिरसट असत्या तर बरं झालं असतं, निदान मनातल्या मनात त्यांना शिव्या घालता आल्या असत्या. त्या खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"कल्पना वर्गात सगळ्यात चांगली आहे तुझी," त्या म्हणाल्या. "पण हे मी परीक्षकांसमोर नाही ठेवू शकत. बोर्डावर नीट कर, आणि आजपासून रोज दुपारी मला इथे दिसली पाहिजेस. हजेरी आधीच काठावर आहे. हे जमलं नाही तर वर्ष पुन्हा करावं लागेल, आणि मग तुझी स्कॉलरशिपही जाईल. माझ्या हातात काही राहणार नाही बाळा."

स्कॉलरशिप गेली की कॉलेजही गेलं, हे समजायला खजिनदारला काही हिशेब मांडावा लागत नव्हता.

"घरी सांग," डॉक्टरीण म्हणाली. "आज, आत्ता. हा घे फोन."

"काय सांगू? माझी काटकसर आत्याच्या तोंडात बसवलीय!"

"अगं बये, मग जाऊन समोरासमोर सांग. आमच्याकडे गाय अडली की आम्ही फोनवर बोलत बसत नाही, जावंच लागतं." आणि तिनं हिच्या तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून काढून पलंगावर आपटले. महिनाअखेर होती, तिच्याकडे पैसे कुठून आले देव जाणे.

शनिवारी संध्याकाळी ती घरी पोचली. दार आत्यानं उघडलं ते दात पुढे करूनच. बाबांच्या कानामागे या वेळी पिस्ता रंग होता. आईनं पोरीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि हात फिरवता फिरवता मध्येच थांबली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि जरा जास्त तांदूळ निवडायला घेतले.

खजिनदारनं त्या रात्री जेवणावर जो हात मारला! सकाळी नाश्त्यावर मारला, आणि दुपारी आई वाढत गेली तशी ती खात गेली. बाबांना वाटलं, घरची चव. आत्याला वाटलं, प्रवासाची भूक. मनातल्या मनात पोरगी बोलायची वाक्यं घोटत होती. सुरुवात कशी करायची, कुठल्या वाक्याला थांबायचं, आत्याकडे बघायचं की नाही. सगळं ठरवून झालं होतं.

ताटं उचलली गेली. ग्लास वाजला.

"आज एकच विषय," बाबा म्हणाले, ऐटीत खुर्ची पुढे ओढून. "ताईचे खालचे दात. वरचे आले, पण नुसत्या वरच्यांनी माणूस चावणार कसा? तेव्हा माझा प्रस्ताव असा, की आमच्या खजिनदारबाई ज्या कौशल्यानं भागवतायत ते बघता, उरलेले महिने आणखी थोडे कमी..."

"बाळ्या, पुरे हां," आत्या पुटपुटली. "पोरीला बोलू तरी दे."

"बोला खजिनदार! चालेल ना?"

पोरगी उठून उभी राहिली. घोटलेलं सगळं पाठांतर कुठल्या कुठे पळालं. सवयीनं तिचं तोंड उघडलं आणि 'चा' हे अक्षर बाहेरही पडलं. तेवढ्यात आई बोलली. बैठकीत आई क्वचितच बोलायची.

"एक मिनिट. कालपासून ही पोर ज्या तऱ्हेनं जेवतेय, तसं पोटभर जेवणारं माणूस जेवत नाही. काय गं? काय लपवतेयस?"

झालं. बांध फुटला. बोर्डाचे भाव, वाकड्या कापलेल्या भिंती, पाव-केळ्यावर काढलेल्या संध्याकाळी, झेरॉक्सचं दुकान, बुडवलेल्या दुपारी, मॅडम, स्कॉलरशिप, सगळं एका दमात आणि उलटसुलट क्रमानं बाहेर आलं. मध्ये मध्ये ती रडत होती आणि रडता रडताही आकडे मात्र बरोबर सांगत होती. शेवटी म्हणाली, "उरले नव्हते. कधीच उरले नव्हते. मी खोटं सांगत होते."

बाबांचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला.

"या टेबलावर?" ते म्हणाले. "या टेबलावर खोटा हिशेब?"

तेवढ्यात आत्यानं तोंडात बोटं घातली, वरचे दात खळ्ळकन काढले आणि टेबलाच्या मध्यभागी, मिठाच्या डबीशेजारी आपटले.

"ताई! जेवायचं टेबल आहे!" बाबा ओरडले.

आत्या ऐकतेय कसली! ती तावातावानं पोरीला झापायला लागली, पण दातांशिवाय नुसतीच वाफ निघत होती. चार शब्द झाल्यावर तिच्याही ते लक्षात आलं. तिनं दात उचलले, ग्लासातल्या पाण्यात खळबळले, पुन्हा बसवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"मी दर रविवारी जेवण अर्धं टाकून त्या फोनपाशी का बसते गं? तुझी खबर ऐकायला! माझी पोर जेवली का, झोपली का, कुणी तिला काही बोललं का, हे ऐकायला. आणि तू मला जाहिरात ऐकवत होतीस? सगळ्या डेपोला दात दाखवत हिंडले मी! माझी भाची अशी, माझी भाची तशी! आणि भाची तिकडे उपाशी! लाज नाही वाटली? मला वाटतेय आता, माझ्याच तोंडाची!"

आणि एवढं बोलून ती रडली. आत्याला रडताना कुणी बघितलं नव्हतं. खजिनदार तिच्या गळ्यात पडायला गेली, तर आत्यानं तिला एक धपाटा घातला आणि मगच जवळ घेतलं.

आईनं सगळ्यांना पाणी दिलं. ज्या ग्लासात दात धुतले होते तो तेवढा बाजूला ठेवला.

मग बाबांनी, जरा वेळानं, ग्लास पुन्हा वाजवला. राग उतरला नव्हता, पण सभा ती सभा. सध्या रंगकामाला मंदी होती. घराघरांतून माणसं म्हणत होती, पुढच्या वर्षी बघू. दोन्ही खर्च एकदम झेपण्यातले नव्हते. खालचे दात, नाहीतर बोर्ड आणि पूर्ण पैसे. दोन्हींतलं एक.

"दात," खजिनदार डोळे पुसत लगेच म्हणाली. "मी काहीतरी करते. काका आगाऊ पैसे देतील. मी सकाळी लवकर उठून..."

"बोर्ड," आत्या म्हणाली आणि हात वर केला.

"बोर्ड," आई म्हणाली आणि तिनंही हात वर केला.

"मग झालंच की," पोरगी म्हणाली, मान खाली घालून. "दोन हात झाले."

"नाही झालं," बाबा म्हणाले. "ज्याला हवंय त्याचा हात आधी वर पाहिजे. मला शिडी हवी होती, तर मी दर वेळी आधी माझा हात वर केला आणि मग तोंडघशी पडलो. तुझ्या वतीनं दुसऱ्या कुणी मागायचं, हे इथे चालत नाही. तू तुझं माग."

"बाबा, आत्याचे दात आहेत हो ते!"

"आहेत. तरी माग."

तिचा हात टेबलावर होता आणि तो काही केल्या उचलेना. आजवर या टेबलावर तिनं दुसऱ्यांच्या पैशांची राखण केली होती. नको म्हणण्यात, वाचवण्यात, परत आणून देण्यात तिचा हातखंडा. कॉलेज मागितलं तेसुद्धा, 'स्कॉलरशिप आहे, तुम्हाला फारसं पडणार नाही,' म्हणून. मला हवंय, त्यासाठी तुमचं काहीतरी जाईल, तरी हवंय, असं तिनं जन्मात म्हटलं नव्हतं.

"इकडे बघ," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज खरोखरच हळू झाला होता, शेजारी ऐकू गेला नसता. "माझ्या हिरड्यांना मऊ खायची सवय आहे. आणखी वर्षभर सूप पिईन, पाव बुडवून खाईन. काही बिघडत नाही. पण तुझं वर्ष गेलं, तर ते काय मला कवळीवाल्याकडून बसवून मिळणार आहे? ते वाचनालय तुला बांधायचंय की नाही?"

"बांधायचंय."

"मोठ्यानं बोल, खिडकीतून ऐकू येत नाही."

"बांधायचंय!"

"मग?"

पोरीचा हात उठला. कोपरापर्यंत आला आणि तिथेच लटकला.

"हे काय?" आत्या कडाडली. "बस थांबवतेयस का? नीट वर कर!"

आणि तिनं हात वर केला. पूर्ण, सरळ, डोक्याच्या वर. रडत रडत आणि हसत हसत. "मला हवेत पैसे," ती म्हणाली. "मला सगळे हवेत."

बाबांनी स्वतःचाही हात वर केला, मग चमचा उचलून ग्लासावर असा वाजवला की टवकाच उडाला. "पास!" ते म्हणाले. "आणि खोटा हिशेब दिल्याबद्दल खजिनदारपद महिनाभर काढून घेण्यात येत आहे. डबा ताईकडे." आत्यानं तो डबा तिथल्या तिथे मांडीवर घेतला आणि त्याच दुपारी आईला कांदे आणायचे पैसे देताना बिल मागितलं.

निघताना बाबा तिला बस स्टॉपवर सोडायला आले. वाटेत मग म्हणाले, "तुझ्या त्या प्लॅनमध्ये वाया जाणाऱ्या बोर्डाचे पैसे धरत जा गं. मी रंग आणतो तो सांडणारा धरून आणतो. सांडतोच." आणि बस आली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला. राग गेला होता.

तिनं झेरॉक्सच्या काकांना सांगून काम सोडलं. काका म्हणाले, "बरं केलंस, तू माझ्या मशीनवर डुलक्या काढायचीस," आणि राहिलेला पगार हातावर ठेवला. दुपारी ती स्टुडिओत दिसायला लागली. टेबलावरची दप्तरं लोकांना उचलावी लागली. बोर्ड आणला तो जास्तीचा आणला. पहिली भिंत पुन्हा वाकडीच कापली गेली, पण या वेळी ती अडली नाही. तिनं दुसरा तुकडा घेतला. डॉक्टरीण जनावरांना टाके घालायची चिमटी घेऊन शेजारी बसली आणि वाचनालयाच्या पायऱ्यांवर एवढी एवढी कागदी माणसं चिकटवत राहिली. त्यातलं एक माणूस तिनं मुद्दाम गाय केलं.

परीक्षकांनी वाचनालयाभोवती दोन-तीन चकरा मारल्या, खाली वाकून पायऱ्यांमधून पलीकडे बघितलं, गायीबद्दल विचारलं आणि पास केलं. पहिला नंबर काही आला नाही. हजेरीचे मार्क कापले गेले होते, ते परत थोडेच मिळणार? पण स्कॉलरशिप टिकली. मॅडमनी लांबूनच अंगठा दाखवला, तेव्हा खजिनदारनं मॉडेलच्या मागे लपून पोटभर रडून घेतलं.

त्या रविवारी तिनं फोन लावला. पास झाल्याचं आधी सांगितलं, तिकडे एकच कल्ला झाला, बाबांनी फोन पुन्हा उताणा पाडला. सगळे जरा शांत झाल्यावर आत्या पडद्यावर आली, डबा मांडीवर घेऊन.

"आता बोला. या महिन्याचे पुरले का?"

खजिनदार पलंगावर मांडी घालून बसली होती. डॉक्टरीण श्वास रोखून तिच्याकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "कमी पडले."

"किती?" आत्यानं विचारलं.

तिनं आकडा सांगितला, जेवढा होता तेवढा. तिकडे आत्या खुर्चीत मागे रेलून हसायला लागली, वरचे दात आणि खालच्या हिरड्या दोन्ही दाखवत, तोंडावर हात न धरता.

"शाब्बास!" ती म्हणाली. "आता याला म्हणायचं खबर, जाहिरात नव्हे. जेवलीस का ते सांग आधी, मग पैशांचं बघू."

"जेवले," खजिनदार म्हणाली. आणि ती खरंच जेवली होती.